मत देऊ नका, घर बदला

अभिनंदन! शपथ झाली, हातात कागदी झेंडा आला, फोटो घरच्या ग्रुपवर गेला, साताऱ्याच्या आत्यानं जोडलेल्या हातांची सहा चित्रं पाठवली. तुम्ही आता अमेरिकेचे नागरिक. लवकरच न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनमधल्या तुमच्या टपालपेटीत मतपत्रिकेचा नमुना येऊन पडेल. तो उघडू नका. पिझ्झाच्या कुपनांबरोबर सरळ टाकून द्या. का ते सांगतो. मतदान न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, अगदी कोथरूडला राहायचो तेव्हापासूनचा.

मुळात राष्ट्राध्यक्ष निवडायला तुम्हाला कोणी बोलावलेलंच नाही. आपल्याकडे पूर्वी मुलगा बघायला थोरली मंडळी जायची, तसा हा प्रकार आहे. मतपत्रिकेवर नाव नवरदेवाचं असतं, मत पडतं ते त्याच्या बाजूच्या थोरल्यांना. त्यांना इथं इलेक्टर म्हणतात. देशभरात असे ५३८ : संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहाच्या जागांइतके ४३५, सिनेटइतके १०० आणि राजधानीचे ३. ज्याच्याकडे २७०, त्याच्या गळ्यात माळ. न्यू जर्सीच्या वाट्याला १४ येतात आणि राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला चौदाच्या चौदा. मेन आणि नेब्रास्का सोडली तर सगळीकडे हीच रीत. हरणाऱ्याला मत देणाऱ्यांची पंगत पानात काही न पडताच उठते. आणि जिंकणाऱ्याला वर जी लाखभर मतं मिळतात ती उरलेल्या मसालेभातासारखी. डब्यात भरून शेजारच्या राज्यात नेता येत नाहीत.

न्यू जर्सीनं रिपब्लिकन उमेदवाराला शेवटचा कौल दिला १९८८ साली. तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होता. म्हणजे तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, निकाल तुमच्यावाचून लागलेला आहे. असं हलकं मत घेऊन मंगळवारी रांगेत उभं राहायचं? हो, मंगळवारीच. १८४५ साली काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, हा वार ठरवला, कारण शेतकऱ्याला रविवारी चर्च असायचं आणि मग घोडागाडीनं गावात पोचायला दिवस लागायचा. तुमची घोडागाडी टर्नपाइक महामार्गावर अडकलेली असते, पण वार तोच.

यावर उपाय एकच, पत्ता बदला. मराठी माणूस नळाच्या पाण्यासाठी घर बदलतो, मुलांच्या शाळेसाठी बदलतो, मग मतासाठी का नको? वायोमिंगला जा. तिथं माणसं पावणेसहा लाख आणि इलेक्टर ३. कॅलिफोर्नियात माणसं जवळपास ३ कोटी ९५ लाख आणि इलेक्टर ५४. भागाकार करून बघा : वायोमिंगच्या माणसाचं वजन कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या पावणेचार पट भरतं. (हसू नका. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७, तेही १९७१च्या जनगणनेवर. वजनकाटे सगळीकडेच आहेत.) वायोमिंगची अडचण इतकीच की तिथलाही निकाल आधीच ठरलेला असतो. वजनदार मत मांडीवर घेऊन तुम्ही तसेच बसाल, आणि कढीपत्ता शोधत हिंडाल तो वेगळाच.

त्यापेक्षा डेलावेअर नदी ओलांडा. पलीकडे पेनसिल्व्हेनिया, १९ इलेक्टर, आणि कधी इकडे कधी तिकडे झुकणारा स्वभाव. २०२४ मध्ये निवडणुकीचा सगळा जीव अडकला होता तो अशा सात राज्यांत. सातांची बेरीज फक्त ९३. पुलाच्या या टोकाला तुम्ही कोणी नाही, त्या टोकाला तुम्ही जावई. रोज फोन येतील, दारावर टकटक होईल, उमेदवार स्वतः येऊन कारखान्यात हेल्मेट घालून फोटो काढतील. सोसायटीच्या सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा तुम्हाला इतकं प्रेमानं विचारलं नसेल.

कोणी तुम्हाला २००० सालच्या फ्लोरिडाची गोष्ट ऐकवेल. तिला भुलू नका. सुमारे ६० लाख मतं पडली आणि रिपब्लिकन उमेदवार बुश ५३७ मतांनी पुढे. कार्डाला भोक पाडून मत द्यायचं होतं. कुठं भोक अर्धवट, कुठं कागदाचा तुकडा लोंबकळतोय. अधिकारी एकेक कार्ड उजेडाकडे धरून असे बघत होते, जशी आजी सुपात तांदूळ निवडायची. महिनाभर निवडणं चाललं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार असं सूप बाजूला ठेवायला लावलं. देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे असलेले त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर घरी गेले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे राहून हरल्या.

यातून काय घ्यायचं? फरक ५३७चा, आपण एक. उरले ५३६. म्हणजे आपण गेलो काय नि न गेलो काय! आता त्या दिवशी फ्लोरिडात नेमकं हेच गणित मांडून किती माणसं घरी बसली होती, तो हिशेब करायला जाऊ नका. गणित सुंदर आहे, त्याला कशाला हात लावायचा?

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. मतपत्रिका चुकून उघडलीच, तर नजर पहिल्या रांगेवरच ठेवा. खाली काउंटी म्हणजे जिल्हा आहे, टाउनशिप म्हणजे गावचा कारभार आहे, शाळा मंडळ आहे. तिथं थोरली मंडळी नाहीत, १४ नाहीत, १९ नाहीत. पडलेलं मत मोजतात आणि संपलं. प्रॉपर्टी टॅक्स किती वाढला, म्हणून दर गणपतीत मोदक खाता खाता तुम्ही जो त्रागा करता, त्यातला मोठा हिस्सा शाळांकडे जातो आणि त्याचा आकडा या खालच्या रांगेतली माणसं मांडतात. पण त्यांची नावं कोणाला माहीत? त्यांच्यावर टीव्हीवर चर्चा नाही, नकाशा लाल-निळा होत नाही. मजा काय त्यात?

शिवाय अशा ठिकाणी माणसांवाचूनही भागतं. २०१७ साली व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधी सभागृहातल्या एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांना सारखीच, ११,६०८ मतं पडली. मग दोन नावं कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्यांत घातली, डबे चिनीमातीच्या भांड्यात टाकले आणि एक उचलला. त्या एका डबीवर सभागृहाचं बहुमत ठरलं, ५१ विरुद्ध ४९. त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० मध्येही मतं सारखी पडली, तिथंही चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. दोन्हीकडे कोणीतरी त्या दिवशी ट्रॅफिकमुळे, पावण्यांमुळे किंवा तत्त्वामुळे घरी राहिलं असेलच. त्यांचे आभार माना. चिठ्ठीला काम मिळालं.

मंगळवार असा निघून जाईल. संध्याकाळी ऑफिसातल्या कोणाकडून तरी 'मी मत दिलं'चा तो गोल स्टिकर मागून घ्या, कोटावर लावा आणि फोटो ग्रुपवर टाका. साताऱ्याहून आधी जोडलेले हात येतील. मग आत्याचा स्वतःचा जुना फोटो येईल : अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा, मागे रिक्षा, पुढे शाई लावलेलं बोट. आणि खाली प्रश्न, "कोणाला दिलंस रे?"

मत गुप्त असतं, असं कळवा.