‘कडक स्प्रिंग टाकून दिले, क्लच तरी घसरलाच’ या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला, क्लचच्या निळ्या पडलेल्या प्लेटांचा फोटोही मोठा करून पाहिला. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही तुमच्या बाइकचा क्लच ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, करून दिला, लिव्हर ओढताना हात भरून येतो, पहिली रन चांगली गेली आणि तिसऱ्या रनला गाडी नुसती ओरडायला लागली, पळेना. परत आणल्यावर मी गाडी न उघडता ‘ऑइल चुकीचं आहे’ म्हणालो आणि आमच्या मेकॅनिकने ‘लाँच (उभ्या जागेवरून गाडी सोडणं) नीट जमत नाही’ असं ऐकवलं. शिवाय ‘सगळे लॉकअप बसवतात, यांना ते माहीतच नाही.’ (लॉकअप म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर पकड वाढवणारा क्लच, त्याबद्दल खाली.)

आधी मेकॅनिकच्या बोलण्याबद्दल. ते चूक होतं आणि ते तुम्हीच टाकलेल्या टायमिंग स्लिपांवरून सिद्ध होतं. तिन्ही रनमध्ये पहिल्या 60 फुटांची, म्हणजे सुमारे 18 मीटरची वेळ जवळपास सारखीच आहे. पडत गेलाय तो शेवटचा वेग. लाँच बिघडलं असतं तर वेळ सुरुवातीलाच गेली असती. तुमचा क्लच घसरला तो लिव्हर पूर्ण सोडल्यावर, वरच्या गिअरमध्ये. तिथे चालवणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तेव्हा ते शब्द मागे घेतो.

आता ऑइल. तुम्ही स्वतःच लिहिलंय की लेव्हल कमी दिसली म्हणून घरातलं कारचं ऑइल थोडं टाकलं. आपला क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि प्लेटांना नेमकं तेच घर्षण हवं असतं. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (दुचाकीच्या ऑइलच्या जपानी मानकाची खूण) बघून घ्यायचं. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरला चालतं, आपल्याला नाही. पण खरं सांगायचं तर थोड्याशा ऑइलने तिसऱ्या रनपर्यंत सगळ्या प्लेटा अशा एकसारख्या निळ्या पडणार नाहीत. मी अर्धंच कारण सांगितलं आणि तेही न उघडता. गॅरेजवाल्याने असं करू नये.

बाकीचं अर्धं कारण तुमच्याच एका वाक्यात सापडलं: ‘शेवटी तर लिव्हरला प्लेच उरला नव्हता.’ प्ले म्हणजे लिव्हरची सुरुवातीची मोकळी हालचाल. इथे आमची चूक आहे. क्लचमध्ये घर्षणाचं अस्तर असलेल्या फ्रिक्शन प्लेटा आणि साध्या स्टील प्लेटा आळीपाळीने गठ्ठ्यात असतात, आणि स्प्रिंग प्रेशर प्लेटमार्फत तो गठ्ठा दाबून धरतात. नव्या फ्रिक्शन प्लेटा पहिल्या काही जोरदार लाँचमध्ये बसतात, म्हणजे किंचित दबतात, झिजतात. गठ्ठा बारीक झाला की प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड (लिव्हर ओढल्यावर प्रेशर प्लेट ढकलणारा दांडा) बाहेर येतो आणि केबलचा प्ले खाऊन टाकतो. आम्ही गाडी दिली तेव्हा प्ले आधीच कमी ठेवला होता, लिव्हरच्या मुळाशी जेमतेम 1 मिलिमीटर. तो संपल्यावर लिव्हर सुटलेला असूनही रॉड प्रेशर प्लेटला टेकूनच राहिला. म्हणजे तुम्ही हात भरेपर्यंत जे कडक स्प्रिंग ओढत होता, त्यांचा थोडा जोर प्लेटांवर न पडता केबलवर लटकला. मग घसरण, घसरणीने उष्णता, उष्णतेने निळ्या स्टील प्लेटा. ‘पहिल्या दोन रननंतर प्ले तपासा’ एवढं एक वाक्य आम्ही सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

लिव्हर जड आहे ही तक्रारही खरी. स्प्रिंग मूळपेक्षा सुमारे 25 टक्के कडक आहेत, तर हातालाही साधारण तेवढाच जोर जास्त लागणार. पकड वाढवायची दुसरीही वाट होती. तुमच्या क्लचमध्ये सगळ्यात आतली फ्रिक्शन प्लेट अरुंद आहे आणि तिच्या आत जडर स्प्रिंग व त्याची रिंग बसते, गाडी सुटताना थरथरू नये म्हणून. ते दोन्ही काढून पूर्ण रुंदीची प्लेट टाकली की घर्षणाचं क्षेत्र वाढतं आणि लिव्हर जड होत नाही. तोटा एवढाच की क्लच जरा झटक्याने पकडतो. तुम्ही रोज याच गाडीवर कामाला जाता म्हणून मी ते टाळलं. पण टाळताना तुम्हाला विचारलं नाही.

लॉकअपबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. त्यात वजनं लावलेले छोटे हात असतात. इंजिन फिरेल तसे ते बाहेर फेकले जातात आणि प्रेशर प्लेट दाबतात. आरपीएम दुप्पट झाले की हा दाब चौपट. त्यामुळे खाली नरम स्प्रिंग ठेवून लाँच सांभाळता येतं आणि वर पकड आपोआप वाढते. भन्नाट वस्तू आहे. पण चढ्या आरपीएमला लिव्हर ओढणं कठीण होतं, बाहेरचं कव्हर बदलावं लागतं आणि वजनं ग्रॅमच्या हिशोबात जुळवत बसावं लागतं. तुमचं इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे. त्याला साधा मल्टिप्लेट क्लच नीट जुळवला तर पुरतो.

एक गोष्ट फोटोत दिसली, ती तुम्ही लिहिलेली नाही. बास्केटच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, बोटांवर प्लेटांच्या कडेच्या कानांनी खाचा पाडल्या आहेत. प्लेटा तिथे अडकतात, धड सुटत नाहीत, धड दाबल्याही जात नाहीत. उथळ असतील तर कानशीने साफ करू, खोल असतील तर बास्केट बदलावी लागेल. तो खर्च तुमचा, कारण खाचा जुन्या आहेत. स्टील आणि फ्रिक्शन प्लेटांचा नवा संच आणि मजुरी आमच्याकडून. मूळ स्प्रिंग आमच्याकडे जपून ठेवलेत, ते परत बसवून आणि रुंद प्लेट टाकून बघू.

या वेळी काम तुमच्यासमोर होईल. नव्या फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री ऑइलमध्ये भिजत घालेन, स्टील प्लेटा काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकडेपणा बघू, प्ले गार इंजिनवर एकदा आणि गरम झाल्यावर एकदा मोजू. म्हणून गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा. आणि त्या निळ्या प्लेटा अजून फेकल्या नसतील तर सोबत घेऊन या.