‘४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’: स्वस्त कॅमकॉर्डरविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

घरगुती चित्रीकरणासाठी पहिला कॅमकॉर्डर घेऊ पाहणाऱ्यांना हल्ली एक सल्ला वारंवार दिला जातो. त्याचा आशय असा: नामांकित कंपनीचा साधा कॅमकॉर्डर घेणे म्हणजे केवळ नावाचे पैसे मोजणे होय, कारण त्यात जेमतेम फुल एचडी मिळते, उलट त्याहून बऱ्याच कमी किमतीत खोक्यावर ४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम आणि नाईट व्हिजन असे सारे लिहिलेले यंत्र मिळते. मोबाइल झूमच्या बाबतीत लंगडा असल्याने असे यंत्र त्याच्यापेक्षा केव्हाही सरस ठरते, आवाजासाठी आतला माइक पुरतो, मेमरी कार्ड कोणतेही चालते आणि वापरलेला कॅमकॉर्डर मात्र चुकूनही घेऊ नये, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते.

हा सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. घरगुती कामासाठी महागडे यंत्र लागत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु घरगुती चित्रीकरण पुन्हा करता येत नाही. मुलाने टाकलेले पहिले पाऊल किंवा आजीने एका संध्याकाळी सहज सांगितलेली जुनी हकिकत दुसऱ्यांदा घडत नाही, आणि यंत्र निवडताना झालेली चूक बहुधा प्रसंग निघून गेल्यावरच लक्षात येते. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

आधी झूमविषयी, कारण सर्वांत मोठा घोळ तिथेच आहे. झूम दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगातील काचा प्रत्यक्ष पुढे-मागे सरकतात आणि दूरचे दृश्य सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, संपूर्ण पृष्ठभागावर मोठे होऊन पडते. त्यामुळे चित्राचा तपशील टिकून राहतो. डिजिटल झूममध्ये भिंग जागचे हलत नाही. सेन्सरवर आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो पडदाभर ताणला जातो. खोक्यावर लिहिलेला ‘१६ पट’ हा आकडा या स्वस्त यंत्रांत सहसा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्याचा अर्थ काय होतो, हे साध्या भागाकाराने कळते. खऱ्याखुऱ्या ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० पिक्सेल असतात. त्याचा १६ पट डिजिटल झूम केला की रुंदीतले २४० आणि उंचीतले १३५ पिक्सेल उरतात, म्हणजे मूळ चित्राचा २५६वा हिस्सा. तेवढ्या माहितीतून रंगमंचावरच्या मुलाचा चेहरा कसा उमटणार? माझ्या भाचीच्या नृत्याचे चित्रीकरण मी अशाच एका यंत्राने शेवटच्या रांगेतून केले होते. छोट्या पडद्यावर ते ठीक वाटले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा ती कोणती आणि तिची मैत्रीण कोणती, हे तिच्या आईलाही केवळ कपड्यांच्या रंगावरून ओळखावे लागले. त्या चित्रफितीचे मला आजही वाईट वाटते.

याची पारख करण्याचा सोपा मार्ग भिंगाच्या कडेवरच छापलेला असतो. खऱ्या झूम भिंगावर नाभीय अंतराच्या (ते वाढले की दूरचे दृश्य जवळ दिसते) दोन आकड्यांची मर्यादा लिहिलेली असते. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या साध्या कॅमकॉर्डरचे भिंग १.९ ते ५७ मिलिमीटरचे आहे; मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागले की ३० येतात, आणि तोच त्याचा ऑप्टिकल झूम. कॅननच्या विक्सिया एचएफ आर८०० चे भिंग २.८ ते ८९.६ मिलिमीटरचे, म्हणजे ३२ पट. भिंगावर एकच आकडा असेल, उदाहरणार्थ नुसतेच ‘f=७.३६ मिमी’ असे काही, तर ते भिंग झूम करणारे नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. अशा यंत्रांपैकी अनेकांचा फोकसही कायमचा ठरवून टाकलेला असतो. ठरावीक अंतरापलीकडचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते आणि मांडीवरचे बाळ धूसर येते. घरगुती चित्रीकरणात मांडीवरचे बाळ हा काही अपवादात्मक विषय नव्हे.

दुसरा मुद्दा ४के आणि ४८ मेगापिक्सेलचा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि ४के चित्रात सुमारे ८३ लाख. चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीला एवढेच पिक्सेल लागतात. त्यामुळे ४८ मेगापिक्सेल हा आकडा खरा असता तरी तो स्थिरचित्रांपुरताच कामाचा असता. वर उल्लेखिलेल्या कॅननच्या कॅमकॉर्डरचा सेन्सर एकूण ३.२८ मेगापिक्सेलचाच आहे, आणि फुल एचडीसाठी तो पुरेसा आहे. स्वस्त यंत्रांतला मोठा आकडा बहुतेक वेळा इंटरपोलेशनने मिळवलेला असतो: लहान सेन्सरने टिपलेल्या पिक्सेलांच्या मधल्या जागा आतला प्रोसेसर अंदाजाने भरून काढतो आणि फाइल मोठ्या मापाची तयार करतो. या क्रियेत माप वाढते, माहिती वाढत नाही. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इंटरपोलेटेड’ असा शब्द आढळला, तर बाकी काही वाचण्याची गरज उरत नाही.

तो शब्द न सापडल्यास आणखी एक कसोटी लावता येते. एक मिनिटाची चित्रफीत काढावी, तिचा आकार मेगाबाइटमध्ये पाहावा, त्याला ८ ने गुणून ६० ने भागावे. येणारी संख्या म्हणजे दर सेकंदाला नोंदवले गेलेले मेगाबिट. कॅमकॉर्डरसाठी सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी या स्वरूपात उत्तम प्रतीची फुल एचडी चित्रफीत दर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाते आणि सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चौकटींच्या प्रकारात २८ पर्यंत. ४के म्हणवणारे यंत्र एच.२६४ या चित्रफीत दाबून लहान करण्याच्या पद्धतीने नोंद करूनही मिनिटाला ९० मेगाबाइटचीच फाइल देत असेल, तर त्याचा दर १२ मेगाबिट झाला. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल त्याच्या निम्म्या जागेत बसवले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. झाडाची पाने, वाहते पाणी, धावणारी मुले असे काही समोर आले की अशा चित्राचे चौकोनी ठिपके पडू लागतात. प्रामाणिक फुल एचडी अप्रामाणिक ४केपेक्षा दहापट उपयोगाचे आहे, असे मी कोणत्याही संकोचाशिवाय म्हणतो.

आता मोबाइलशी केलेली तुलना. हा मुद्दा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण तो लोकांना हातात असलेल्या चांगल्या साधनापासून दूर नेतो. साध्या कॅमकॉर्डरचा सेन्सर फार लहान असतो. सीएक्स४०५ मध्ये तो १/५.८ इंच प्रकारचा आहे, म्हणजे त्याचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात १/२ इंच प्रकारचा सेन्सर आज सहज आढळतो आणि त्याचा कर्ण सुमारे ८ मिलिमीटर असतो, म्हणजे प्रकाश गोळा करणारे क्षेत्र सहा-सात पट. त्यामुळे दिव्याच्या उजेडातल्या खोलीत, जवळच्या अंतरावर, बरा मोबाइल नामांकित कॅमकॉर्डरलाही मागे टाकतो. खोक्यावरच्या आकड्यांवर विकल्या जाणाऱ्या यंत्राची तर गोष्टच नको. ज्याला फक्त घरातले क्षण टिपायचे आहेत, त्याने कॅमकॉर्डरऐवजी एक स्थिर तिवई आणि मोबाइल बसवण्याची पकड घेतली, तर त्याचे पैसे अधिक सार्थकी लागतील.

मग कॅमकॉर्डर कुणी घ्यावा? ज्याला लांबून चित्रीकरण करायचे आहे आणि सलग करायचे आहे, त्याने. खरा ऑप्टिकल झूम, मनगटावर बसणारी पट्टी, अंगठ्याने चित्रीकरण सुरू-बंद करण्याची आणि बोटाने झूम हळूहळू सरकवण्याची सोय, बाजूला उघडणारा पडदा, मध्येच न येणारे फोन, या गोष्टी तासाभराच्या कार्यक्रमात फार मोलाच्या ठरतात. मात्र झूमबरोबर एक किंमत मोजावी लागते, आणि ती सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होणार नाही. सीएक्स४०५ च्या भिंगाचा किमान एफ आकडा (तो जितका लहान तितका प्रकाश अधिक) रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, १.८ आणि लांबच्या टोकाला, म्हणजे पूर्ण झूमवर, ४ आहे. या दोन टोकांमध्ये सेन्सरवर येणारा प्रकाश जवळजवळ एक पंचमांशावर येतो. म्हणून अंधाऱ्या सभागृहात पूर्ण झूम वापरला की चित्र दाणेदार होते. जागा निवडण्याची मुभा असेल तर चार रांगा पुढे सरकणे हाच त्यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. त्याचबरोबर पूर्ण झूमवर हाताचे किंचितसे थरथरणेही झूमच्याच पटीत मोठे होऊन दिसते. त्यासाठी भिंग किंवा सेन्सर हलवून धक्के शोषणारे ऑप्टिकल स्थिरीकरण पाहावे. चित्राच्या कडा कापून केलेले इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण दुय्यम होय.

नाईट व्हिजनबद्दल थोडक्यात. या सोयीत इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात काळे-पांढरे चित्र मिळते आणि त्या दिव्याचा पल्ला काही मीटरांचाच असतो. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचा सोनेरी उजेड त्यात येत नाही.

आतला माइक पुरतो, हे विधान मात्र सविस्तर खोडून काढायला हवे, कारण घरगुती चित्रफितींत आवाजाची हेळसांड सर्वाधिक होते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. झूमने चेहरा जवळ येतो, माइक जागच्या जागीच राहतो. त्यामुळे पडद्यावर आजी हाताच्या अंतरावर दिसते, परंतु तिच्या आवाजावर पंख्याची घरघर आणि शेजारच्यांची कुजबुज चढते. चित्र थोडे मऊ असले तरी माणूस ते पाहतो. शब्द कळेनासे झाले की पाहणे सोडून देतो. यासाठी बाहेरचा माइक जोडण्याची ३.५ मिलिमीटरची खाच आहे की नाही, हे खरेदीआधी पाहावे. इथे नामांकित कंपन्यांचीही तपासणी करावी लागते: एचएफ आर८०० मध्ये ती खाच आहे, सीएक्स४०५ मध्ये नाही. ज्याला मुख्यतः माणसांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत, त्याने माझ्या मते झूमचे दोन-चार पट कमी मिळाले तरी खाच असलेले यंत्र निवडावे. खाच नसल्यास मोबाइलवर आवाजाची वेगळी नोंद करून तो बोलणाऱ्याजवळ ठेवावा, सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि नंतर संपादन करताना त्या टाळीवर चित्र व आवाज जुळवून घ्यावेत.

कार्ड कोणतेही चालते, हेही खरे नाही. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग सहसा वाचनाचा असतो. चित्रीकरणासाठी लिहिण्याचा किमान वेग महत्त्वाचा. ‘क्लास १०’ची खूण सेकंदाला किमान १० मेगाबाइटची हमी देते आणि ‘व्ही३०’ ही ३० मेगाबाइटची. दर सेकंदाला २४ मेगाबिटची फुल एचडी चित्रफीत म्हणजे ३ मेगाबाइट, तेव्हा तिला क्लास १० भरपूर होते; एका तासाला सुमारे ११ गिगाबाइट जागा लागते. खरे ४के १०० मेगाबिटने नोंदवायचे असेल तर १२.५ मेगाबाइट लिहावे लागतात आणि तिथे व्ही३० हवे. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे एफएटी३२ या पद्धतीने मांडलेली असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांब कार्यक्रमाचे तुकडे झालेले दिसतात. हा यंत्राचा दोष नव्हे. चांगला कॅमकॉर्डर हे तुकडे मधला क्षण न गमावता जोडता येतील असे नोंदवतो. अनेक स्वस्त यंत्रांत मात्र दोन तुकड्यांमध्ये काही क्षण निसटून जातात.

राहिला वापरलेल्या कॅमकॉर्डरचा मुद्दा. सरसकट नकार देण्याऐवजी इथे भेद करायला हवा. टेपवर नोंद करणारी मिनीडीव्ही यंत्रे नव्याने सुरुवात करणाऱ्याने टाळावीत. त्यांची टेप संगणकात उतरवायला ती चालेल तेवढाच वेळ लागतो आणि त्यासाठी लागणारी फायरवायरची जोडणी आजच्या संगणकांत मिळत नाही. कार्डावर नोंद करणारा, नामांकित कंपनीचा, काही वर्षे जुना फुल एचडी कॅमकॉर्डर मात्र खोक्यातल्या नव्या कोऱ्या ‘४के’ यंत्राहून बहुतेक बाबतींत चांगला असतो, कारण भिंग जुने होत नाही. तो घेताना झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून मध्ये अडखळतो का ते पाहावे, पडदा पूर्ण उघडून फिरवताना चित्र जाते का ते पाहावे, भिंगावर झाकण ठेवून अर्धा मिनिट चित्रीकरण करावे आणि त्या काळ्या पडद्यावर जागचे न हलणारे रंगीत ठिपके दिसतात का ते घरच्या मोठ्या पडद्यावर तपासावे. बॅटरी जुनी असणारच, हे गृहीत धरून त्याच प्रकारची नवी बॅटरी अजून मिळते का, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी आणि मूळ चार्जर मागून घ्यावा.