गवती चहा, अंगठी आणि सोन्याचे ‘हवे तसे’ नॅनोकण

‘पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज महिनाभर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जुनी अंगठी तेजाबात विरघळवा, त्यात गवती चहाचा काढा ओता, काढा कमीजास्त करून सोन्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवा: गोळे, सळ्या, त्रिकोण, चांदण्या, हवं ते. कण जितका टोकदार तितका उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) भारी, आणि सोनं गंजत नाही म्हणून तो आयुष्यभर पुरतो. आता तो भाचीच्या बी.एस्सी.च्या प्रोजेक्ट ग्रुपवर पोचलाय आणि तिथे ‘तेजाब कुठलं आणायचं?’ अशी चर्चा चाललीय. म्हणून आधी अंगठीच घेऊ.

सोन्याला नुसतं नायट्रिक किंवा नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल पुरत नाही. लागतं ते आम्लराज: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. ते मिसळताक्षणी क्लोरीन, नायट्रोसिल क्लोराइड आणि तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघू लागतात. यातला शेवटचा महाबिलंदर: हुंगल्यावर थोडा खोकला येतो, माणूस ठीक वाटतो, आणि फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनी सुरुवात होते. वास नको म्हणून बाटलीला बूच घट्ट लावलं तर बाटली फुटते. हे काम फ्यूम हूडखालचं, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटातलं. बाल्कनीतलं नाही, मोरीतलं तर नाहीच.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, उरलेलं बहुधा तांबं आणि चांदी. चांदीचं पांढरं क्लोराइड तळाशी बसतं, तांबं द्रावणात राहून कणांच्या वाढीत लुडबुड करतं. शिल्लक नायट्रिक घालवायला हायड्रोक्लोरिक घालून पुन्हापुन्हा आटवावं लागतं, नाहीतर सोन्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून विरघळलेल्या सोन्याचा पुन्हा धातू होणं) धड होत नाही. म्हणूनच प्रयोगशाळा क्लोरोऑरिक आम्ल हे सोन्याचं तयार संयुग विकत घेते, आणि तेही स्टीलच्या चमच्याने उचलत नाही, कारण ते स्टीलला खातं आणि चमच्यावरच सोनं बसतं.

आता ‘पुण्याचे शास्त्रज्ञ’. इथे अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये दाखवलं की गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोण तयार होतात. अर्काचं प्रमाण बदललं की त्रिकोण लहानमोठे होतात, हेही त्याच गटाने पुढे दाखवलं. पण मेसेजवाल्याने इथेच घोळ घातलाय: आकारमान बदललं म्हणजे आकार हवा तसा मिळाला असं नव्हे. सळ्या किंवा घन त्या काढ्यातून निघाले नव्हते, आणि त्रिकोणांसोबत गोल कणही होतेच. त्या कामाचा भर होता हे त्रिकोण जवळचा अवरक्त प्रकाश (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) शोषतात यावर. उत्प्रेरकाचं नाव मेसेजने पदरचं जोडलंय.

सळ्या हव्या असतील तर निकूबख्त आणि अल-सय्यद या रसायनशास्त्रज्ञांची २००३ ची रीत आजही पायाभूत आहे. आधी बीज, म्हणजे ज्यांच्यापासून सळ्या वाढतात ते चिमुकले कण. त्यासाठी ०.२ मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सीटॅब, हे कणांवर थर धरणारं साबणासारखं रसायन, ५ मिली, ०.५ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल ५ मिली, त्यात बर्फगार ०.०१ मोलर सोडियम बोरोहायड्राइड ०.६ मिली एकदम. वाढीसाठी सीटॅब तेवढंच, १ मिलिमोलर सोन्याचं द्रावण ५ मिली, ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट ०.०५ ते ०.२५ मिली. मग ०.०७८८ मोलर ॲस्कॉर्बिक आम्ल ७० मायक्रोलिटर. पिवळा रंग उडाला की बीज १२ मायक्रोलिटर. तापमान २७ ते ३० अंश. पंचवीसच्या खाली सीटॅबचे स्फटिक पडू लागतात, म्हणजे पुण्यातल्या जानेवारीत वॉटर बाथ हवाच. बोरोहायड्राइड सकाळी बनवून दुपारी वापरलं तर ते पाण्याशी अभिक्रिया होऊन संपलेलं असतं, बीज नीट धरत नाही. आणि सगळ्यात छळवादी गोष्ट म्हणजे सीटॅबमधला आयोडाइडचा अंश: दहा लाखांत काही भाग असला तरी सळ्यांऐवजी गोळे पदरात पडतात. एका कंपनीची बाटली चालते, दुसरीची नाही, यामागे हेच होतं. तिथे काढ्याच्या वाटीने आकार ठरवायच्या गप्पा!

टोकदार म्हणजे भारी, हेही अर्धवटच. महत्त्व टोकाइतकंच उघड्या पैलूला, म्हणजे कणाच्या सपाट पृष्ठाला, असतं. घनाचे, अष्टफलकाचे आणि समभुज द्वादशफलकाचे (बारा समभुज चौकोनांनी बनलेल्या आकाराचे) पैलू वेगळे. ४-नायट्रोॲनिलीनच्या क्षपणात यांतला द्वादशफलक सरस ठरलाय, आणि तो चांदणीसारखा अणकुचीदार मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइड जाळण्यात तर जपानी रसायनशास्त्रज्ञ हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवलेली करामत होती धातूच्या ऑक्साइडवर बसवलेल्या अगदी बारीक कणांची. ३ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कणात सुमारे ४० टक्के अणू पृष्ठभागावर असतात, ५० नॅनोमीटरच्या कणात जेमतेम दोन-तीन टक्के. शिवाय सळीला सळी बनवणारं सीटॅबच तिच्या अंगावर बसून अभिक्रियेची वाट अडवतं. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून कण तळाशी बसवून) ते जास्त धुतलं तर कण गठ्ठा होऊन निळे-काळे पडतात. भट्टीत जाळून काढलं तर सळ्यांचे गोळे होतात.

म्हणजे ‘आयुष्यभर’ही गेलं. गंजणं आणि आकार टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोजेक्टच करायचा असेल तर विकतचं क्लोरोऑरिक आम्ल, सर समोर असताना सोडियम सायट्रेटची उकळती रीत, आणि ४-नायट्रोफिनॉलच्या क्षपणात ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण किती वेगाने उतरतं ते मोजा. काढा वापरलाच, तर तेवढाच काढा सोन्याशिवाय घालून तोच प्रयोग शेजारी लावा, म्हणजे फरक सोन्याने पडला की काढ्याने ते कळेल.