प्रोपगंडा ही एकट्या गोबेल्सची करणी नव्हे

सध्या एक दावा जोरात फिरतोय : "प्रोपगंडाचा शोध गोबेल्सने लावला. 'खोटं हजारदा सांगा, ते खरं वाटू लागतं' हे सूत्रही त्याचंच. प्रोपगंडा म्हणजे धडधडीत खोटं. लोकशाहीत तो नसतो, असतो तो जनसंपर्क." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

"शोध गोबेल्सने लावला." गोबेल्स हिटलरच्या नाझी जर्मनीचा प्रचारमंत्री झाला १९३३ मध्ये. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात वेलिंग्टन हाउसमध्ये युद्धप्रचाराची कचेरी थाटली १९१४ मध्ये, तीही इतकी गुपचूप की बहुतेक खासदारांना तिचा पत्ता नव्हता. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि आठवड्याभरात अध्यक्ष विल्सन यांनी पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली 'कमिटी ऑन पब्लिक इन्फर्मेशन' नेमली. तिची सर्वांत चलाख योजना म्हणजे 'फोर मिनिट मेन'. सिनेमागृहात रीळ बदलायला साधारण चार मिनिटं लागत. तेवढ्यात पडद्यावर वक्त्याचं नाव झळके आणि गावातलाच एखादा वकील किंवा व्यापारी उठून बोलू लागे. कधी युद्धरोखे, कधी सैन्यभरती, कधी अन्नबचत. विषय आणि मुद्दे वॉशिंग्टनहून पत्रकातून येत, तोंड मात्र ओळखीचं. असे सुमारे ७५,००० स्वयंसेवक होते. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात ब्रिटिशांच्या युद्धप्रचाराची तारीफ केली आहे, ती उगाच नव्हे.

"सूत्रही त्याचंच." हे वाक्य गोबेल्सच्या लेखनात किंवा भाषणांत सापडलेलं नाही. 'मोठं खोटं' ही कल्पना हिटलरच्या पुस्तकात येते, पण ज्यूंवरचा आरोप म्हणून. १९४१ मध्ये गोबेल्सने तोच आरोप ब्रिटिशांवर केला. आपलं तंत्र कोण आपल्या नावावर लावून घेईल?

"म्हणजे धडधडीत खोटं." सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज हाच. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये हजारो नागरिक खरोखरच मारले. मे १९१५ च्या ब्रिटिश ब्राइस अहवालाने त्यांच्या जोडीला शपथेवर न घेतलेल्या, साक्षीदारांची नावं न छापलेल्या भयकथाही घातल्या. युद्धानंतर त्या कथा कोसळल्या आणि खऱ्या हत्यांवरचा विश्वासही घेऊन गेल्या. पुढे नाझी संहाराच्या पहिल्या बातम्यांकडे अनेकांनी संशयाने पाहिलं, त्यामागे हाही अनुभव होता. म्हणून मजकूर खरा की खोटा एवढंच तपासून भागत नाही. पैसा कोणाचा, बोलणारा कोणाचा कोण आणि काय गाळलंय, हेही बघावं लागतं. अभ्यासकांचं पांढरा, करडा, काळा हे वर्गीकरणही मुख्यतः स्रोत उघड आहे, धूसर आहे की बनावट, यावरच उभं आहे.

"असतो तो जनसंपर्क." जनसंपर्काच्या धंद्याचा एक आद्य पुरुष एडवर्ड बर्नेज क्रीलच्याच समितीत काम केलेला माणूस. आणि १० ऑक्टोबर १९९० चा, इराकने कुवेत व्यापला होता तेव्हाचा प्रसंग पाहा. इराकी सैनिकांनी काचेच्या पेटीतली बाळं बाहेर काढून मरायला टाकली, असं पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकी काँग्रेसच्या मानवी हक्क गटापुढे रडत सांगितलं. कुटुंबाच्या सुरक्षेचं कारण देऊन तिचं पूर्ण नाव लपवलं गेलं. ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी होती आणि कुवेतच्या बाजूने मोहीम चालवत होती हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी. मुलीने सांगितलेल्या प्रकाराला नंतरच्या तपासांत दुजोरा मिळाला नाही. मुलीची ओळख एका अमेरिकी वृत्तपत्रात छापून आली जानेवारी १९९२ मध्ये. तोवर कुवेतसाठीचं आखाती युद्ध संपून दहा महिने उलटले होते.