सुई दाखवा, काडी लपवा

ॲक्युपंक्चर गुणकारी आहे हे सिद्ध करायचंय? मग आधी तुलना कोणाशी करायची ते ठरवा. एका गटाला सुया टोचा, दुसऱ्याला ‘नंबर लागला की कळवू’ म्हणून घरी बसवा. घरी बसलेले कण्हत येतील, मंद दिव्याखाली पडून राहिलेले हसत. झाला शोधनिबंध!

खोट्या सुयांचा तिसरा गट मात्र चुकूनही घेऊ नका. जर्मनांनी ती घोडचूक केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. अस्सल बिंदूंवर सुया घेतलेल्या ४७.६ टक्के लोकांना गुण आला, नेहमीचे उपचार घेणाऱ्या २७.४ टक्क्यांना. वा! इथेच वही मिटायची. पण भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांतही ४४.२ टक्क्यांना बरं वाटलं. माहितीपत्रकात एवढे आकडे मावत नाहीत, हा गाळा.

अमेरिकनांनी तर ताळच सोडला. २००९ चा प्रयोग, ६३८ कंबरदुखीवाले. त्यातल्या काहींना पालथं झोपवलं, सुईची नळी पाठीवर टेकवली आणि आतून टोचली दात कोरायची काडी! कातडीच्या आत काही गेलंच नाही. तरी काडीवाल्यांना सुईवाल्यांइतकाच आराम. भिंतीवर मेरिडियनचा, म्हणजे अंगातून ऊर्जा वाहून नेणाऱ्या कथित वाटांचा, रंगीत नकाशा लावून बसलेल्या माणसाने आता काय करावं? घाबरू नका. ‘काडीनेही ऊर्जा वाहते’ असं ठोकून द्या. सुई लागू पडली तर सुईचा विजय, काडी लागू पडली तरी सुईचाच.

२०१८ साली वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दीर्घकालीन दुखण्यांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा किंचित सरस ठरल्या. हे जरूर सांगा, फक्त ‘किंचित’ हळू म्हणा.

प्रयोग कुठे करता यालाही महत्त्व आहे. १९९८ च्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या ॲक्युपंक्चरच्या तपासलेल्या सगळ्याच चाचण्या यशस्वी निघाल्या. सगळ्याच! असा निकाल आपल्या दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’लाही कधी साधला नाही.

आणि २००८ चा पोटाच्या विकारावरचा अमेरिकन प्रयोग कुणाला दाखवू नका. तिथे सुया खोट्याच होत्या. टोचणारा मोजकंच बोलला तेव्हा ४४ टक्क्यांना पुरेसा आराम, आपुलकीने चौकशी केली तेव्हा ६२ टक्क्यांना. तेव्हा गोड बोला, भरपूर बोला. बिल मात्र सुयांचंच लावा.