‘उगाच बाऊ’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

थंडीतल्या समुद्रकिनाऱ्यावर फोटो कसे काढावेत, या माझ्या लेखावर तुम्ही चार ओळी लिहिल्यात. गार कॅमेरा घरात आणण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि ऊब येईपर्यंत तसाच ठेवा, असं मी त्यात सांगितलं होतं. त्यातली एक जशीच्या तशी उतरवतो: ‘घरात आलं की फडक्याने पुसायचं आणि मोकळं व्हायचं, पिशवीचे सोपस्कार म्हणजे उगाच बाऊ, असली पथ्यं खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनाच सुचतात.’

मतभेदाला माझी हरकत नाही. पण ‘खुर्चीत बसून’ हे मत नव्हे, आरोप आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल असं लिहायला तुम्हाला काहीच वाटलं नाही? १२ हिवाळे मी गोठत्या किनाऱ्यांवर उभा राहून फोटो काढतोय. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. विषय तुम्ही काढलात.

आता तुमचं फडकं. समजा कॅमेरा उणे २ अंशांपर्यंत गार झालाय. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता आहे. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याहून गार वस्तूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन धरतं ते तापमान, ९ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे कॅमेरा त्याच्या वर जाईपर्यंत त्याच्यावर पाणी धरतच राहणार. तुम्ही पुसाल, ते पुन्हा धरेल. आणि पुसणार कुठे? पुढच्या काचेवर. माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कड्याच्या) खाचांत आणि आतल्या काचांच्या मधे फडकं पोचत नाही. दमट हवा मात्र पोचते, कारण लांब होणारी झूम लेन्स फिरवली की ती हवा आत ओढते. बुरशीची सुरुवात अशा साठलेल्या ओलाव्यातूनच होते.

पिशवी हे सगळं टाळते. झिपची पिशवी दाराबाहेरच बंद केली की आत थंड, कमी बाष्पाची हवा राहते आणि दव धरलंच तर पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरतं. कार्ड आणि बॅटरी आधीच काढून घ्या. फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली की केलेलं सगळं वाया जातं. जास्तीची हवा दाबून काढा. हीटरजवळ ठेवू नका. छोट्या लेन्सला तास-दीड तास लागतो, जड टेलीलेन्सला तीन तासही लागतात. पिशवीवरून चाचपून लेन्स गार लागेनाशी झाली की उघडा. यात ‘सोपस्कार’ कुठला आला? एक पिशवी आणि थोडा धीर, एवढंच तर लागतं.

कोरडं फडकं तर त्याहून वाईट. लाटांचे तुषार सुकले की काचेवर मिठाचे कण उरतात, वाऱ्याने आलेली बारीक वाळू त्यात चिकटते. ते कोरडं घासलं की कोटिंगवर चरे पडलेच. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर फिरवा, शेवटी कोरडं. तेही पिशवी उघडल्यावर. गोठत्या हवेत ओलसर फडक्याचं पाणी काचेवरच गोठतं. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन उघडेच वाळवा. मिटून ठेवलेत की मीठ धरून लॉक जाम होतात.

एक गोष्ट मान्य करतो. ‘थंडीत बॅटरी मरते’ हे मी ढिसाळ लिहिलं होतं. आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि ऊब मिळाली की बरीचशी ताकद परत येते. म्हणूनच दोन बॅटऱ्या आळीपाळीने, एक कायम आतल्या खिशात. शून्याखाली गेलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र लावू नका, तिचं कायमचं नुकसान होऊ शकतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

फोनवरही असेच फोटो येतात, वगैरे जे लिहिलंत, त्यावर वेळ घालवत नाही.

राहिला प्रश्न ‘एवढ्या थंडीत मजा कसली’ हा. थंड प्रदेशात हिवाळ्यात सूर्य दुपारीही फार वर चढत नाही. खडकांच्या आणि वाळूवरच्या लहरींच्या सावल्या दिवसभर लांब राहतात; उन्हाळ्यात हा उजेड फक्त सकाळ-संध्याकाळ मिळतो. लाट परतायला लागली त्या क्षणी अर्धा ते एक सेकंद एक्सपोजर दिलं (शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं) की फेसाच्या रेघा खडकांभोवती ओढल्या जातात. उजेड जास्त असेल तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर लावा, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. १/३० सेकंदाचे सुमारे दोन सेकंद होतात. किनाऱ्यावर बर्फ असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला करडा करून टाकतो, म्हणून एक्सपोजर १ ते दीड स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना, ते बघा. जागा ठरवण्याआधी १५-२० मिनिटं नुसत्या लाटा बघा, कारण मोठ्या लाटा थांबून थांबून येतात आणि गोठलेल्या तुषारांनी खडक निसरडे झालेले असतात.

हे सगळं मूळ लेखात होतं. तो भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. वाचा, मग बोलू.