माझे सातशे रुपये कुठे आहेत?

डोकं फिरलंय नुसतं! सासऱ्यांची बीपी-शुगरची औषधं आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. बिल झालं १,८४० रुपये. स्कॅन केलं, पिन टाकला, चक्र फिरत बसलं आणि मग 'पेमेंट पेंडिंग'. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज मात्र लगेच हजर! दुकानातला स्पीकर गप्पच. "ताई, माझ्याकडे नाही आले हो." मागे रांग, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, जणू मी फुकट औषधं न्यायला आलेय. पर्समध्ये १२० रुपये. धावत घरी गेले, सासूबाईंनी डाळीच्या डब्यातून पाचशेच्या चार नोटा काढून दिल्या. "म्हणून ठेवते गं मी," एवढंच म्हणाल्या.

२०१६ च्या नोटाबंदीनंतर आम्ही हळूहळू घरात रोख ठेवणंच सोडलं. भाजी, रिक्षा, मेन्टेनन्स, लेकीच्या क्लासची फी, सगळं मोबाइलवर. भरवसा ठेवला म्हणूनच ना? मग पैसे अडकले की वाऱ्यावर का सोडता? बँक म्हणते ॲपमध्ये तक्रार करा, ॲप म्हणतं बँकेशी बोला. फोन लावला की आधी दहा मिनिटं संगीत ऐका, मग तेच पाठ केलेलं वाक्य, "वाट बघा, आपोआप येतील." आले! बाराव्या दिवशी!

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयवर खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता! म्हणजे माझे सात दिवसांचे ७०० रुपये होतात. एक रुपया आलेला नाही. खात्यात शिल्लक कमी पडली की दंड बरा न विचारता कापता येतो तुम्हाला!

शाखेत गेले, तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "मॅडम, पैसे आले ना परत? मग आता काय?"

आता काय? लेखी तक्रार दिलीये, शिक्का मारून पोच घेतलीये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. सातशेच्या सातशे घेणार.